रिकाम्या खुर्चीवरचा पंखा

सरकारी इमारतीतून दोन गोष्टी कधीच बाहेर टाकता येत नाहीत. जुन्या ट्यूबलाइट आणि किस्से. ट्यूबलाइटचं निदान कारण तरी आहे. बाद झालेली सरकारी वस्तू फेकायची तर आधी तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे ती खरोखरच बाद झाली आहे असं तीन जणांनी सह्या करून मान्य करावं लागतं, आणि ते तिघं एकाच दिवशी ऑफिसात सापडत नाहीत. त्यामुळे आम्ही नवीन एलईडी बसवल्या तेव्हा जुन्या ट्यूबा तळमजल्यावरच्या एका खोलीत रचून ठेवल्या. खोलीत अंधार, अंधारात उंदीर, आणि ट्यूबा फुटल्या तर जबाबदार मी. म्हणून तिथे एक बल्ब लावला. शंभरचा, पिवळा, चोवीस तास चालू. वीज वाचवायला काढलेल्या ट्यूबांची राखण करायला!

किस्स्यांना मात्र सह्या लागत नाहीत. ते आपोआप साठतात. आमच्याकडचे बरेचसे माझ्यामुळेच साठले आहेत हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल उगाच कुणाला आशा नको.

मी विद्युत शाखेचा कनिष्ठ अभियंता. अंबरनाथ पूर्वेला आमची तीन मजली सरकारी इमारत आहे. तिच्यात चार-पाच खात्यांची ऑफिसं, आणि सगळ्यांची वीज माझ्या गळ्यात.

*

ती कशी पडली ते सांगतो.

एप्रिलमधली मीटिंग. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, जेवणानंतरची वेळ, आणि मी बरोबर पंख्याखालची खुर्ची धरलेली. मोठे साहेब, म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता, वरून आलेलं एक पत्र वाचून दाखवत होते. सरकारी इमारतींचा वीजवापर कमी करायचा, असं काहीतरी. ‘असं काहीतरी’ म्हणतोय, कारण पुढचं मी ऐकलंच नाही. मला झोप लागली होती.

शेजारी आमचे हेड क्लार्क भोईर भाऊसाहेब बसले होते. त्यांनी कोपराने ढोसलं. डोळे उघडून बघतो तर अख्खा हॉल माझ्याकडे बघतोय. अशा वेळी कुठलाही सरकारी माणूस जे बोलेल तेच मी बोललो. "हो साहेब, होऊन जाईल."

साहेब इतके खूश झाले की त्यांनी ते तिथल्या तिथे मिनिट्समध्ये घ्यायला लावलं. जिना उतरताना मी भाऊसाहेबांना हळूच विचारलं, काय होऊन जाणार आहे? ते म्हणाले, येत्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत इमारतीचा वीजवापर आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा दहा टक्के खाली आणायचा. मी म्हटलं, आणि नाही आला तर?

"तर तुमची बदली," भाऊसाहेब म्हणाले. "त्यालाही तुम्ही हो म्हणालात."

इथे हसून घ्या, पण मला त्या दिवशी हसू आलं नाही. माझी नोकरीची पहिली अकरा वर्षं बाहेरगावी गेली. बायको मनीषा बदलापूरला शाळेत शिक्षिका, मुलगी सई तिच्याजवळ, आणि मी शनिवारी संध्याकाळी पिशवी घेऊन यायचो, रविवारी रात्री जायचो. सई लहान असताना तिने एकदा शेजारणीला माझी ओळख ‘शनिवारचे बाबा’ अशी करून दिली. शेजारीण हसली, मीही हसलो, आणि आत जाऊन बराच वेळ तोंड धुवत बसलो. आता कुठे दोन वर्षं झाली होती रोज घरी जेवायला लागून. ते एका डुलकीपायी घालवायची माझी अजिबात तयारी नव्हती.

*

मग मी कामाला लागलो. इमारतीतला प्रत्येक दिवा, पंखा, एसी मोजायचा असं ठरवलं. बरोबर आमचे वायरमन गायकर. माणूस अनुभवी, कमी बोलणारा. तो बोलत नाही याचा अर्थ त्याला मान्य आहे, असं मी समजायचो. ही माझी चूक होती हे पुढे कळेलच.

पहिल्या मजल्यावर आवक-जावकच्या टेबलावर एक पंखा आहे. मी गेलो तेव्हा टेबलावर कुणीच नव्हतं आणि पंखा गरागरा फिरत होता. मी म्हटलं, बंद करा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग समजलं की हा पंखा बंद होत नाही. तो ऑफिस उघडतं तेव्हाही चालू असतो आणि ऑफिस बंद होतं तेव्हाही. त्याचं बटण कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

बटण सापडलं एका लोखंडी कपाटामागे. म्हणजे ते तिथे असणार, असं मी अनुमान काढलं. कपाट पूर्वी या मजल्यावर असलेल्या आणि आता कल्याणला गेलेल्या एका ऑफिसचं होतं. दुसऱ्या खात्याचं कपाट परवानगीशिवाय हलवायचं कसं? मी पत्र दिलं. मग स्मरणपत्र दिलं. मग दुसरं स्मरणपत्र. शेवटी उत्तर आलं की सदर कपाट आमच्या दप्तरी आढळून येत नाही. आता कपाट कुणाचंच नव्हतं, त्यामुळे ते हलवायची परवानगी मागायची कुणाकडे हा नवीनच प्रश्न उभा राहिला.

मग मीच धीर केला. सहा माणसं लावून कपाट वीतभर सरकवलं. मागे खरंच एक स्विचबोर्ड निघाला! धुळीने भरलेला, एकच बटण चालू. मी सगळ्या स्टाफला बोलावलं, ऊर्जाबचतीवर चार शब्द बोललो, फटीतून हात घातला आणि बटण दाबलं.

पंखा फिरतच राहिला. वरच्या मजल्यावरून मात्र मोठ्या साहेबांचा आवाज आला. त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि सकाळपासून टाइप केलेला अहवाल गेला होता.

ते बटण मी परत चालू केलं आणि कपाट परत भिंतीला लावलं. गायकर म्हणाले, ती वायर कुठून कुठे जाते ते कळल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही. भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, या टेबलावरून माझ्यादेखत पाच जणांच्या बदल्या झाल्या. पंख्याची नाही झाली. तुम्ही कशाला त्याच्या नादी लागता?"

*

पंख्याने हरवल्यावर मी सेन्सरकडे वळलो. माणूस असेल तर दिवा लागेल, माणूस नसेल तर विझेल. एकदम सायंटिफिक! प्रयोगासाठी रेकॉर्ड रूम निवडली. तिथे आमचे सोनवणे काका बसतात. खोलीत ते एकटेच, एक दिवा, आणि एक टेबलफॅन, जो ते कधी लावत नसत, कारण वाऱ्याने जुने कागद उडतात.

सेन्सर बसवला आणि दोन मिनिटांवर सेट केला. मला वाटलं होतं काका खूश होतील. मी एक गोष्ट विसरलो. सोनवणे काका फाइल वाचायला बसले की अजिबात हलत नाहीत. मान नाही, हात नाही. दर दोन मिनिटांनी त्यांच्या डोक्यावरचा दिवा विझायला लागला. मग काका एक हात वर करून हलवायचे, दिवा लागायचा, परत दोन मिनिटं. बाहेरून जाणाऱ्यांना वाटायचं काका बोलावतायत, म्हणून लोक आत यायचे आणि काय काम आहे विचारायचे.

आठवड्याने बघायला गेलो तर दिवा सलग चालू. काका नेहमीसारखे पुतळा. मला सेन्सर बिघडला असं वाटलं. मग लक्षात आलं, टेबलफॅन चालू आहे. त्याच्या जाळीला फाइल बांधायची लाल फीत बांधलेली, चांगली हातभर. ती फडफडतेय आणि सेन्सरला वाटतंय खोलीत माणसांची वर्दळ चाललीय. आधी एक दिवा जळत होता. आता माझ्या कृपेने एक दिवा, एक पंखा आणि एक सेन्सर.

मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "बरं केलंत साहेब. इतकी वर्षं उगाच उकाड्यात बसत होतो."

वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांनी कागदांवर सेन्सरचा रिकामा खोका ठेवला होता.

*

मधल्या काळात एलईडीची दरपत्रकं गोळा करायला मी उल्हासनगरला गेलो, कॅम्प दोनच्या बाजारात. इलेक्ट्रिकचं एक चिंचोळं दुकान, मालक एक म्हातारे सिंधी गृहस्थ. त्यांना सगळा बाजार साईं म्हणतो. छताला शंभर प्रकारचे दिवे टांगलेले आणि लागलेला एकच, गल्ल्यावरचा. गिऱ्हाईक ज्या दिव्याबद्दल विचारेल तेवढाच ते लावून दाखवायचे आणि लगेच विझवायचे.

मला भरून आलं. मी त्यांना म्हटलं, तुमच्यासारखी दृष्टी आमच्या ऑफिसात हवी. आणि मग मला बोलायची लहर आली. सरकारी वीज म्हणजे जनतेची वीज, एक युनिट वाचवणं म्हणजे एक युनिट निर्माण करणं, सवय बदलली पाहिजे, सुरुवात स्वतःपासून केली पाहिजे. वीसेक मिनिटं तरी बोललो असेन. साईं हात जोडून ऐकत होते. मध्ये त्यांनी दोनदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मी त्यांना संधीच दिली नाही.

शेवटी मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "बराबर है साहेब. फक्त तुमची स्कूटर बाहेर कवापासून चालू हाय. पेट्रोल भी जनता का है ना?"

स्कूटरचं सेल्फ बिघडलं होतं. बंद केली तर परत चालू व्हायची नाही म्हणून मी दोन मिनिटांसाठी तशीच ठेवून आत गेलो होतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी तेही हात जोडून ऐकलं.

*

ऑफिसात मान मिळेना, पण बाहेर माझं नाव झालं होतं. मनीषाच्या शाळेत वीजबचतीवर बोलायला मला बोलावलं. मनीषाचा विरोध होता. ती म्हणाली, अहो, तुम्ही बोलायला लागलात की काहीतरी होतं. पण मुख्याध्यापिकाबाईंचा आग्रह, आणि मलाही सईसमोर जरा भाव खायचा होता. ती त्याच शाळेत सातवीत.

शाळेचं पटांगण, चारशे-पाचशे मुलं, हातात माइक. मी जोरात सुरुवात केली. घरातली सगळ्यात जास्त वीज कोण खातं? मुलं म्हणाली टीव्ही, फ्रिज, मोबाइल. मी म्हटलं नाही, गीझर! तो चालू ठेवून निघून जाणारा माणूस म्हणजे देशाचा... आणि मी पुढचा शब्द शोधत असताना तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. आमचीच कन्या.

"बाबा, आज शेवटी अंघोळ तुम्ही केली होती. बंद केला का?"

खरं सांगतो, मला आठवेना. केला असेल. किंवा नसेल. पाचशे मुलं उत्तराची वाट बघतायत, मुख्याध्यापिकाबाई हसू दाबतायत, आणि मनीषा जमिनीकडे बघतेय. मी म्हटलं, हा अतिशय चांगला प्रश्न आहे. माइक बाईंच्या हातात दिला आणि रिक्षा पकडून घरी गेलो.

चालू होता.

 संध्याकाळी मनीषाने ऑफिसातून मीच घरी आणलेलं ‘बाहेर पडताना खात्री करा’ हे स्टिकर माझ्या टिफिनवर चिकटवलं. ते अजून आहे.

*

आता मीटरचा किस्सा. हा मी स्वतःहून सांगत नाही, पण मी नाही सांगितला तर भाऊसाहेब सांगतील, आणि ते मीठ-मसाला लावतात.

मे महिन्यापासून मी दर महिन्याच्या एक तारखेला मीटर रूममध्ये जाऊन रीडिंग लिहून आणायचो. स्वतः. असल्या कामात कुणावर विसंबायचं नाही असा माझा बाणा. जूनमध्ये युनिट निम्म्यावर आले. जुलैमध्ये जवळजवळ शून्य! पंखा फिरतोय, फीत फडफडतेय, तळमजल्यावरचा बल्ब चालू आहे, आणि युनिट मात्र घसरतायत. दुसऱ्या कुणाला संशय आला असता. मला अभिमान आला.

मी रंगीत आलेख काढला. मोठ्या साहेबांनी तो वर पाठवला. ऑगस्टमध्ये खास मीटिंग बोलावली, माझ्या सत्कारासाठी. हॉल तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद, म्हणून मी जिने चढून धापा टाकत वर पोचलो, गुच्छ घेतला, फोटो काढला. भाषणात म्हणालो की यंत्रं नाही, इच्छाशक्ती लागते. टाळ्या पडल्या. फक्त दाराशी उभे असलेले गायकर टाळ्या वाजवत नव्हते.

खाली उतरताना मी त्यांना विचारलं, काय गायकर, आवडलं नाही का?  ते म्हणाले, "साहेब, तुम्ही वाचताव तो मीटर आपला नाय. तो लिफ्टचा हाय. लिफ्ट जूनपासून बंद हाय."

मी जिन्यातच बसलो. गुच्छ हातातच होता. मग विचारलं की हे तीन महिने का नाही सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही रोज जिन्याने चढताव, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.

खऱ्या मीटरवरचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा थोडा वर होता. मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी आलेखाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले की मार्चनंतर बदलीच्या यादीत नाव घालायला त्यांना आता अजिबात वाईट वाटणार नाही. त्या रात्री मी मनीषाला मीटरचं सांगितलं, बदलीचं नाही. सई ताटात माझ्यासाठी काकडी कापून ठेवत होती.

*

यातून मला ज्यांनी बाहेर काढलं त्या वंदनाताई म्हात्रे. आमच्या ऑफिसातल्या शिपाई. बदलापूरजवळच्या गावातल्या, सकाळी घरची भात-भाजी, गाईचं दूध सगळं उरकून येणाऱ्या. इमारतीतल्या सगळ्या टेबलांना चहा त्याच पोचवतात, सकाळी अकराला आणि दुपारी चारला. माझं मीटर प्रकरण त्यांच्या कानावर गेलं होतं. बदलीचंही गेलं होतं, कारण चहाच्या ट्रेबरोबर त्या ज्या खोल्यांत जातात तिथे कुणी बोलायचं थांबत नाही.

दिवाळीनंतर एक दिवस अकाउंट्सच्या कुलकर्णी मॅडमना चहा आला नाही. त्यांनी विचारलं तर वंदनाताई म्हणाल्या की मॅडम बँकेत गेल्या होत्या तेव्हा पंखा रिकाम्या खुर्चीवर फिरत होता. ज्या टेबलाचा पंखा रिकाम्या खुर्चीवर फिरेल, त्या टेबलाला त्या दिवशी चहा नाही. मॅडमना वाटलं चेष्टा आहे. चारलाही चहा आला नाही.

दुसऱ्या दिवशी आवक-जावक. त्या टेबलाचा पंखा बंदच होत नाही हे त्यांनी परोपरीने सांगितलं. वंदनाताई म्हणाल्या, मंग खुर्ची रिकामी ठेवू नका. तेव्हापासून आवक-जावकचा माणूस जागेवर सापडायला लागला, हे लोकांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं. सोनवणे काकांनी फीत सोडली. रजेवर असलेला एक जण फोन करून शेजाऱ्याला माझा दिवा बघ रे म्हणाला. एकदा मोठे साहेब साइटवर गेले आणि केबिनचा एसी चालू राहिला. सगळं ऑफिस श्वास रोखून बघत होतं. चार वाजता ट्रे केबिनवरून सरळ पुढे गेला. साहेब दारात आले आणि परत आत जाऊन कोमट पाणी प्यायले.

माझी परिपत्रकं, सेन्सर, स्टिकर, आलेख, काही म्हणजे काही लागू पडलं नव्हतं. अर्ध्या कप चहाने काम केलं! जानेवारीचं रीडिंग घ्यायला मी गायकरांना बरोबर घेऊन गेलो आणि मीटरला त्यांना बोट लावायला सांगितलं. आकडा खाली आला होता. फेब्रुवारीत आणखी खाली. दहा टक्के हवे होते, पंचवीस टक्के उतरला होता. मी जाऊन वंदनाताईंना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "नमस्कार कशाला, तुमच्या टेबलाचा लॅम्प बंद करून या."

*

आणि आता शेवटचा. हा मी आजवर घरीही सांगितलेला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी पेढे घेऊन भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी पेढा खाल्ला, आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, साहेब, पत्र नीट वाचलंत का? हे दरवर्षीचं आहे. पुढच्या वर्षी, यंदाच्या आकड्यापेक्षा आणखी दहा टक्के. नाही जमलं तर अट तीच. "तुम्ही एका वर्षात सगळंच बंद करून बसलात. आता पुढच्या वर्षी काय बंद करणार?"

मी रात्रभर विचार केला. इमारतीत बंद करण्यासारखं खरंच काही उरलं नव्हतं. म्हणजे यंदा वाचलो आणि पुढच्या मार्चला परत पिशवी, परत शनिवार. त्यापेक्षा यंदाचा आकडा थोडा वर आला तर? पंचवीसच्या ऐवजी अकरा-बारा टक्के? टार्गेटही पूर्ण आणि पुढच्या वर्षाला वावही. हिशोब चोख होता. हा हिशोब मी केलाय म्हटल्यावर त्याचं काय होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लंच टाइममध्ये मी कामाला लागलो. सगळे डबे घेऊन खाली गेले की मी मजल्यामजल्यावर फिरायचो. रिकाम्या टेबलांवरचे पंखे लावायचो, दिवे लावायचो, मोकळ्या केबिनचे एसी अठरावर करायचो. वर्षभर बटणं बंद करायला सांगत फिरणारा ऊर्जाबचत अधिकारी चोरासारखा चपला हातात घेऊन बटणं चालू करत होता. दोन वाजता जागेवर येऊन बसायचो आणि टिफिनचं झाकण उघडायचो.

चार दिवस गेले. आकडा काही हलेना. पाचव्या दिवशी वंदनाताई माझ्या टेबलाशी आल्या, चेहरा लाल. म्हणाल्या की लंच टाइमला कुणीतरी मुद्दाम सगळं चालू करत फिरतंय, आणि त्या डबा टाकून त्याच्या मागून सगळं बंद करत फिरतायत. कोण आहे ते दिसत नाही, फक्त चालू झालेली बटणं सापडतात.

 मी म्हटलं, जाऊ द्या हो, विसरले असतील लोक. तुम्ही जेवून घ्या.

"विसरलं नाय, साहेब. कोनीतरी डाव धरलाय तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "आकडा वर गेला का तुमची बदली. माझा घरवाला वीस वर्सं गुजरातला व्हता, पोरांना बापाची सवयच लागली नाय. तुमच्या पोरीचं तसं मी होऊ देनार नाय. पकडते त्याला."

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण त्या चार दिवस माझ्यापायी जेवल्या नव्हत्या. मी फक्त मान हलवली.

त्या दिवसापासून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण अर्धा मार्च संपला होता आणि मला थोडे तरी युनिट हवे होते. शेवटचं एकदा, म्हणून मी लंच टाइमला तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गेलो. चार एसी तिथे, कुणाचं जाणं-येणं नाही. एक लावला, दुसरा लावला, तिसरा लावला. चौथ्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि मागे दार वाजलं.

वंदनाताई दारात उभ्या. त्यांनी तिन्ही एसींकडे बघितलं. मग माझ्या बोटाकडे, मग माझ्या हातातल्या चपलांकडे.

मी बटणावरचं बोट काढून घेतलं. 

त्या आत आल्या, दार हळूच लोटून घेतलं आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुमी बी त्याच्याच मागावर?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी तिन्ही एसी बंद केले. पंखा बंद केला, दिवा बंद केला. मग दोन खुर्च्या उचलून दाराच्या आडोशाला ठेवल्या, एकीवर स्वतः बसल्या आणि दुसरीकडे बोट दाखवलं.

"बसा मंग. एसी लावून गेला म्हंजे चौथ्यासाठी परत येनार तो."

मी बसलो. त्यांनी पदराच्या गाठीतून दोन भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा काढला, त्यातली एक भाकरी माझ्या हातावर ठेवली. लंच टाइम संपेपर्यंत आम्ही दोघं त्या अंधाऱ्या हॉलमध्ये, घामाने निथळत, त्याची वाट बघत बसलो.